काळ, अवकाश आणि वास्तव : विज्ञानाने जग 'माया' ठरविले आहे काय?

अलीकडे एक विधान वारंवार कानी पडते. प्रवचनात, सप्ताहात, दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवर आणि आता मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांतही कोणीतरी विद्वान सांगत असतो की, आईन्स्टाईनने काळ हा भ्रम असल्याचे सिद्ध केले, पुंजभौतिकीने पदार्थ हाही भ्रम असल्याचे दाखवून दिले, आणि म्हणून हे सर्व जग माया आहे ही गोष्ट शेवटी विज्ञानालाही मान्य करावी लागली. ऐकणारे मान डोलावतात. विज्ञानाचे नाव पुढे केले की आपल्याकडे प्रश्न विचारणे थांबते, हा नेहमीचा अनुभव आहे.

आम्ही कला शाखेचे पदवीधर असून पोटासाठी बँकेत लिपिकाचे काम करतो. भौतिकशास्त्रातील अवघड गणित आमच्या आवाक्यातले नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. परंतु खाते कोणाचेही असो, जमा आणि नावे यांचा मेळ बसतो की नाही एवढे पाहण्याची सवय या नोकरीने लावली आहे. त्याच सवयीने हा विषय आम्ही वाचत आलो आणि वरील विधानाचा मेळ काही बसेना. तो का बसत नाही हे संस्थेच्या सभासदांपुढे, विशेषतः विद्यार्थी मित्रांपुढे, मांडावे असे वाटल्याने हा लेखनप्रपंच.

प्रथम आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडेच पाहू. मे महिन्याच्या मध्यास बीड शहरात एक दिवस असा येतो की, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. हा शून्य सावलीचा क्षण घड्याळाच्या बाराला येत नाही, तो सव्वाबारा उलटून गेल्यावर येतो. कारण आपली घड्याळे बीडच्या सूर्याप्रमाणे चालतच नाहीत. भारतीय प्रमाणवेळ ही ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची वेळ आहे. बीडचा रेखांश पावणेशहात्तर अंशांच्या जवळपास आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपला सूर्य घड्याळाच्या सरासरी २७ मिनिटे मागे असतो. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबई शहराने आपली स्वतंत्र 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत टिकवून धरली होती. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. म्हणजे एकाच राज्यात, एकाच क्षणी, दोन घड्याळांत दोन वेळा, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर!

यावर कोणी म्हणेल की, हा तर माणसांनी केलेला करार झाला. घड्याळे निरनिराळी लावली तरी खरा काळ सर्वत्र एकच वाहतो. न्यूटनचे मत नेमके हेच होते. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने असे गृहीत धरले की, विश्वात एकच निरपेक्ष काळ आहे आणि तो कोणाचीही पर्वा न करता समान गतीने पुढे जातो. अवकाश हे एखाद्या रिकाम्या वाड्यासारखे आहे, त्यात वस्तू येतात जातात, वाड्याला काही होत नाही. हे चित्र इतके सोयीचे होते की, शंका घेणारे झाले तरी दोनशे वर्षांहून अधिक काळ ते ढळले नाही.

ते ढळविले स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या २६ वर्षांच्या एका कनिष्ठ कर्मचाऱ्याने. वर्ष होते १९०५ आणि त्याचे नाव अल्बर्ट आईन्स्टाईन. (कचेरीतील टेबलावर बसूनही विचार करता येतो, याचा आम्हा लिपिक मंडळींना थोडा अभिमान वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी.) त्याचा युक्तिवाद समजण्यासाठी गणित लागत नाही, रेल्वे लागते. बीडकरांना त्यासाठी बरीच वर्षे वाट पाहावी लागली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगर ते बीड प्रवासी गाडी सुरू झाली, तेव्हा आता आपल्याच स्थानकावर हा प्रयोग कल्पनेने करू.

समजा गाडी न थांबता बीड स्थानकातून अहिल्यानगरच्या दिशेने चालली आहे. गाडीच्या दोन टोकांवर, इंजिनावर आणि शेवटच्या डब्यावर, वीज पडली. दोन्ही ठिकाणी डब्यावर आणि रुळावर जळाल्याचे डाग उमटले. फलाटावर या दोन डागांच्या बरोबर मध्ये उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही विजांचा प्रकाश एकदम दिसला. त्याने नोंद केली : दोन्ही विजा एकाच क्षणी पडल्या. आता गाडीच्या बरोबर मधल्या डब्यात एक बाई बसली आहे. ती पुढे चालली आहे, म्हणून पुढच्या विजेचा प्रकाश तिला आधी भेटेल आणि मागचा नंतर. येथपर्यंत कोणालाच आश्चर्य वाटणार नाही. परंतु पुढे मेख आहे. प्रकाशाचा वेग कोणीही, कोणत्याही गाडीत बसून मोजला तरी तो सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर एवढाच येतो, हे पूर्वीच्या प्रयोगांनी सुचविले होते आणि आईन्स्टाईनने ते तत्त्व म्हणून स्वीकारले. मग त्या बाईच्या हिशेबाने पाहा. दोन्ही डाग तिच्यापासून सारख्याच अंतरावर, दोन्ही प्रकाशांचा वेग तिच्या दृष्टीने सारखाच, तरीही पुढचा प्रकाश आधी आला. याचा अर्थ पुढची वीज आधी पडली, हाच निष्कर्ष तिला काढावा लागेल. तिचे चुकले असे म्हणता येत नाही, कारण फलाट स्थिर आणि गाडी चालती हे म्हणणे जितके खरे, तितकेच गाडी स्थिर आणि फलाट मागे पळतो हेही खरे. तेव्हा 'एकाच वेळी' या शब्दाला सर्व विश्वासाठी एकच अर्थ नाही. आपल्या गाडीच्या वेगाला हा फरक सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाच्या आसपास भरतो, म्हणून वेळापत्रकाला त्याची झळ पोहोचत नाही. पण फरक आहे.

हे केवळ कल्पनेचे खेळ आहेत, असे त्या काळी अनेकांना वाटले. त्याचा प्रत्यक्ष पुरावा आपल्या डोक्यावरून पडणाऱ्या कणांनी दिला, आणि या प्रकरणात मुंबईत जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचा वाटा आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. अवकाशातून येणारे किरण वातावरणाच्या वरच्या थरात आदळले की म्युऑन नावाचे कण तयार होतात. हे कण अल्पायुषी असतात, सरासरी २.२ मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या सव्वादोन पटीत, ते मोडतात. एवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगाने धावले तरी ते जेमतेम ६६० मीटर जातील. प्रत्यक्षात मात्र दहा पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मलेले हे कण मोठ्या संख्येने जमिनीवर पोहोचतात. हा लेख वाचत असताना वाचकांच्या तळहातातून दर मिनिटाला असे अनेक कण आरपार जात असतील. हे कसे घडते? तर वेगाने धावणाऱ्या कणाचे स्वतःचे 'घड्याळ' आपल्या दृष्टीने मंद चालते, म्हणून त्याचे आयुष्य लांबते. अशा अल्पायुषी कणांचे आयुर्मान मोजले तर सापेक्षता सिद्धांताची सरळ परीक्षा होईल, असे होमी भाभा यांनी १९३८ साली लिहिले. रॉसी आणि हॉल यांनी अमेरिकेतील डोंगराळ प्रदेशात उंच आणि कमी उंच ठिकाणी कण मोजून १९४१ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते सिद्धांताशी जुळले.

पुढे १९७१ साली हाफेले आणि कीटिंग या दोन अमेरिकनांनी चार आण्विक घड्याळे घेऊन प्रवासी विमानांतून पृथ्वीची प्रदक्षिणा केली, एकदा पूर्वेकडे आणि एकदा पश्चिमेकडे. परत आल्यावर पूर्वेकडे गेलेली घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांच्या सुमारे ५९ अब्जांश सेकंद मागे, तर पश्चिमेकडे गेलेली सुमारे २७३ अब्जांश सेकंद पुढे गेलेली आढळली. घड्याळ बिघडले असे म्हणावे, तर बिघाड नेमका सिद्धांताने सांगितला तेवढाच कसा होईल?

आणि आज तर हा हिशेब आपल्या खिशात आहे. मोबाईलवर रस्ता दाखविणाऱ्या जीपीएस व्यवस्थेचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांच्या वेगामुळे त्यांची घड्याळे दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, आणि उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. निव्वळ शिल्लक ३८ मायक्रोसेकंद. ही नोंद दुरुस्त केली नाही, तर स्थान दाखविण्यातील चूक एका दिवसात दहा किलोमीटरच्या वर जाईल. उसाची ट्रक आष्टीला जायची ती भलत्याच गावात शिरेल. आपल्या इस्रोच्या नाविक उपग्रहांनाही हीच दुरुस्ती लागते.

यातील दुसरा भाग, म्हणजे उंचीवर काळ जलद चालणे, हा आईन्स्टाईनने नोव्हेंबर १९१५ मध्ये पूर्ण केलेल्या व्यापक सापेक्षता सिद्धांताचा आहे. आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे, तर गोदाकाठच्या गावातील घड्याळापेक्षा बालाघाटाच्या माथ्यावरचे घड्याळ किंचित वेगाने चालते. शंभर मीटर उंचीमागे हा फरक वर्षाला सेकंदाच्या सुमारे तीस लाखाव्या भागाइतका आहे. डोंगरावरचा माणूस तेवढा लवकर म्हातारा होतो म्हणायचे! हे बोलणे थट्टेचे वाटेल, परंतु २०१० साली अमेरिकेत दोन अतिसूक्ष्म घड्याळांपैकी एक केवळ ३३ सेंटीमीटर, म्हणजे फूटभर, वर उचलून हा फरक मोजून दाखविण्यात आला.

या सिद्धांताने न्यूटनचा रिकामा वाडाही मोडीत काढला. काळ आणि अवकाश या दोन वेगळ्या वस्तू नसून एकाच 'अवकाशकाला'ची अंगे आहेत. वस्तुमानामुळे अवकाशकाल वाकतो, आणि त्या वाकण्यालाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो. वाड्याच्या भिंती आत राहणाऱ्यांच्या वजनाने वाकतात, असे म्हटले तर चालेल. आणि वाकणारी गोष्ट हलवली तर तिच्यात लाटा उठणार. या गुरुत्वीय लहरींचे भाकीत आईन्स्टाईनने १९१६ साली केले, पण त्या इतक्या क्षीण की त्या कधी सापडतील अशी आशा फार थोड्यांना होती.

येथे आमच्या मराठवाड्याचा संबंध येतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे गाव आपण ज्योतिर्लिंगासाठी ओळखतो. बीडपासून सरळ रेषेत ते सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. तेथे 'लायगो इंडिया' ही वेधशाळा उभारण्याचे ठरले आहे. १७ फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी मिळाली आणि ११ मे २०२३ रोजी कोनशिला बसली. प्रकल्प उभारणीच्या अवस्थेत आहे. पुण्याची आयुका, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांचा त्यात प्रमुख सहभाग आहे.

ही दुर्बीण आकाशाकडे तोंड करून बसणार नाही. काटकोनात जाणाऱ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, एवढेच तिचे बाह्य रूप. नळ्यांतून हवा काढून टाकलेली असते. कोपऱ्यावर लेसरचा एक किरण दुभंगून दोन्ही नळ्यांत सोडतात. टोकाच्या आरशांवर आपटून दोन्ही किरण परत येतात आणि पुन्हा एकत्र मिळतात. दोघांना सारखाच वेळ लागला तर ते एकमेकांना पुसून टाकतात आणि निरीक्षकाला जवळजवळ अंधार दिसतो. गुरुत्वीय लहर आली की अवकाश एका दिशेने किंचित ताणले जाते आणि काटकोनातील दिशेने आखडते. एक किरण उशिरा येतो, दुसरा लवकर, आणि अंधारात उजेडाची थरथर उमटते.

चौकस विद्यार्थी येथे विचारील की, अवकाशच ताणले गेले तर त्यातला प्रकाशही ताणला जाईल. मोजायची पट्टीच लांबली तर लांबी वाढल्याचे कळणार कसे? प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असे की, येथे पट्टीने मोजायचेच नसते. लेसरमधून नवा प्रकाश अखंड येत असतो, त्याचा वेग बदलत नाही, आणि जास्त अंतर तोडायला त्याला जास्त वेळ लागतो. म्हणजे हे यंत्र मुळात दोन फेऱ्यांच्या वेळांची तुलना करणारे घड्याळच आहे.

अमेरिकेत अशी दोन यंत्रे आहेत, एक लिव्हिंग्स्टन येथे आणि दुसरे तीन हजार किलोमीटरवर हॅनफर्ड येथे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी आधी लिव्हिंग्स्टनला आणि सुमारे ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला एकसारखीच थरथर नोंदली गेली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर, एक सूर्याच्या ३६ पट आणि दुसरे २९ पट अशी दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळून ६२ पटीचे एक झाले होते. उरलेल्या तीन सूर्यांइतके वस्तुमान लहरींच्या रूपाने विश्वात पसरले. येथे पोहोचेपर्यंत त्या लहरीने चार किलोमीटरच्या नळीत जो फरक केला, तो एका प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका होता. हा शोध ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जाहीर झाला. अशा गोंगाटातून क्षीण संकेत वेगळा काढण्याच्या पद्धतींवर आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी दोन दशकांहून अधिक काळ आधीपासून काम करीत होते. ती मेहनत या शोधाच्या कामी आली.

मग भारतातच आणखी एक यंत्र कशासाठी? लहर कोणत्या दिशेने आली हे ती कोठे आधी पोहोचली आणि कोठे नंतर, यावरून ठरते. यंत्रे एकमेकांपासून जितकी दूर, तितकी दिशा नेमकी. त्यासाठी जागा शांत हवी. समुद्राच्या लाटा, मोठे कारखाने, वर्दळीचे रस्ते आणि रेल्वे यांपासून दूर. मराठवाड्याचे मागासलेपण म्हणून आपण जी शांतता आजवर उगाळत आलो, तीच येथे गुण ठरली, ही गंमत आम्हास नोंदवावीशी वाटते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण आधीपासून आहेच. तिने केलेल्या नोंदी जून २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एका संशोधनात वापरल्या गेल्या. घड्याळासारखे नियमित संदेश देणाऱ्या मृत ताऱ्यांच्या ठोक्यांतील चूकभूल पाहून, वर्षानुवर्षे लांबीच्या संथ गुरुत्वीय लहरींचा पुरावा त्यात मांडला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रत्येकाचे घड्याळ वेगळे, प्रत्येकाची लांबी वेगळी, 'आत्ता' हा शब्दही प्रत्येकाचा वेगळा. मग सर्व सापेक्ष, सर्व भ्रम, असे म्हणायला काय हरकत आहे?

हरकत अशी की सिद्धांताचा अर्धाच भाग येथे सांगितला जातो. एक काठी हातात धरून उन्हात फिरवा. तिची जमिनीवरची सावली कधी लांब, कधी आखूड होते, भिंतीवरची सावली त्याच्या उलट. सावल्या पाहणाऱ्यांत भांडण लागेल, पण काठी तेवढीच असते. सापेक्षता सिद्धांतात काळाचे अंतर आणि जागेचे अंतर या अशा दोन सावल्या आहेत. त्यांच्यापासून (बेरजेने नव्हे, तर एका विशिष्ट वजाबाकीने) जे 'अवकाशकालाचे अंतर' निघते ते फलाटावरच्या माणसालाही तेवढेच येते आणि गाडीतल्या बाईलाही तेवढेच येते. प्रकाशाचा वेगही दोघांना सारखाच. शिवाय ज्या दोन घटनांत एक कारण आणि दुसरी परिणाम आहे, त्यांचा क्रम कोणत्याही निरीक्षकासाठी उलटत नाही. पेरणीआधी कापणी झालेली कोणत्याही गाडीतून दिसणार नाही. क्रम बदलतो तो फक्त ज्या घटना एकमेकींवर परिणाम करूच शकत नाहीत त्यांचा. तेव्हा वास्तव नाहीसे झालेले नाही. आपण ज्याला वास्तव समजत होतो ती त्याची सावली होती, एवढेच कळले.

हा मुद्दा आम्हास केवळ बुद्धीचा खेळ वाटत नाही. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला जातात. नवरा बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो आणि मुकादमाच्या वहीत उचलीचा आकडा लिहिला जातो. तो आकडा माया नसतो. थंडीत पहाटे चारला फडात उतरणाऱ्या बाईची कंबर दुखते, ती माया नसते. जग मिथ्या आहे हे तत्त्वज्ञान ज्यांच्या सोयीचे होते त्यांनी ते शतकानुशतके सांगितले, आणि ज्यांच्या वाट्याला त्या जगाचा भार आला त्यांना ते ऐकावे लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दुःखाचे अस्तित्व आणि ते दूर करण्याचा मार्ग यांनाच धम्माचा पाया मानले. दुःख खरे आहे, म्हणून उपायही खरा. आता तोच जुना मायावाद आईन्स्टाईनच्या नावाचे पत्र घेऊन दारी आला असेल, तर त्या पत्रावरची सही खोटी आहे एवढे तरी आपण सांगितले पाहिजे.

असेच दुसरे एक खोटे पत्र ज्योतिषाचे आहे. सर्वांसाठी एकच 'आत्ता' नाही, म्हणून भूत, वर्तमान आणि भविष्य हे सारे आधीपासूनच अस्तित्वात आहे, असा एक विचार काही भौतिकशास्त्रज्ञ मांडतात. स्वतः आईन्स्टाईनचा कल तिकडे होता. दुसरे शास्त्रज्ञ त्याला मान्यता देत नाहीत. वाद मिटलेला नाही. पण भविष्य 'असले' तरी ते कुंडलीत वाचता येते, हे त्यातून मुळीच निघत नाही. आयुकाचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आदींना बरोबर घेऊन २००८ साली महाराष्ट्रात याची चाचणीच घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवून, त्यांपैकी चाळीस चाळीस कुंडल्या ज्योतिषांकडे ओळखण्यासाठी दिल्या. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के भरले. नाणे उडवून ठरविले असते तर ५० टक्के आले असते! नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी विश्वाचा महास्फोटाने प्रारंभ झाला, हे बहुसंख्य शास्त्रज्ञांचे मत त्यांनी अखेरपर्यंत मानले नाही. बहुमत त्यांच्या विरुद्ध राहिले, पण म्हणून त्यांना कोणी पाखंडी ठरविले नाही. शास्त्राचा हा स्वभाव आम्हास त्याच्या निष्कर्षांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

राहता राहिली पुंजभौतिकी. येथे वाट खरोखरच निसरडी आहे. समजा एक नोट फाडून तिचे दोन अर्धे दोन पाकिटांत घातले, एक आष्टीला आणि एक परळीला पाठविले. आष्टीत पाकीट उघडून डावा अर्धा निघाला, की परळीत उजवा आहे हे तत्क्षणी कळते. यात चमत्कार नाही. अर्धे आधीच ठरलेले होते. अणूंच्या जगातील जोडकणांचेही असेच असावे, असे आईन्स्टाईनला वाटे. १९६४ साली जॉन बेल यांनी हे तपासण्याची युक्ती काढली. ती अशी समजून घ्या. दोन गावी दोन लिपिक बसले आहेत. प्रत्येकाला चिठ्ठी काढून 'क' किंवा 'ख' हा प्रश्न मिळतो आणि त्याने 'हो' किंवा 'नाही' म्हणायचे असते. अट एकच : दोघांनाही 'ख' आला तर उत्तरे वेगळी यावीत, इतर वेळी सारखी यावीत. आपापसात बोलायचे नाही. आधी वाटेल ते संगनमत करा, शंभरांत सरासरी ७५ च्या वर यश मिळत नाही. दोघांनी नेहमी 'हो' म्हणायचे ठरविले तरी चारांपैकी तीन वेळा जमेल, चौथ्या वेळी फसेल. जोडकणांच्या साहाय्याने मात्र हे यश ८५ पर्यंत जाऊ शकते, असे पुंजभौतिकी सांगते. पॅरिसजवळ अ‍ॅलेन आस्पे यांनी १९८२ साली केलेले आणि त्यानंतरचे प्रयोग पुंजभौतिकीच्या बाजूने गेले. या कामासाठी आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे कणांची उत्तरे पाकिटातल्या नोटेसारखी आधी ठरलेली नसतात. निदान दूरच्या गोष्टींचा परिणाम क्षणात पोहोचत नाही असे मानले, तर नसतात. याचा नेमका अर्थ काय यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परंतु ८५ हा आकडा भ्रम नाही. पॅरिसमध्ये, व्हिएन्नात, हिंदूने, ख्रिस्त्याने, बौद्धाने, नास्तिकाने मोजला तरी सिद्धांताला धरूनच येतो. निसर्ग आपल्या कल्पनेप्रमाणे वागला नाही. तो आपल्या मनाचा खेळ असता, तर त्याने आपल्याला एवढे चकविले नसते.

आपल्या बांधवांनाही एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. सापेक्षता बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितली होती, असे आपल्याही व्यासपीठांवरून अधूनमधून ऐकू येते. काळाचा विचार बौद्ध परंपरेत खोलवर झाला, यात शंका नाही. भूत आणि भविष्यही अस्तित्वात आहेत, असे सर्वास्तिवादी म्हणत. थेरवाद्यांच्या 'कथावत्थु'त या मताचे खंडन आहे. नागार्जुनाने आपल्या मूलमध्यमककारिकेत काळाच्या परीक्षेसाठी एक स्वतंत्र प्रकरण दिले. आजही हे वाद वाचताना ताजे वाटतात. पण त्यांत म्युऑन नाही, घड्याळ नाही, ३८ मायक्रोसेकंद नाहीत. अनित्यतेचा विचार हा माणसाच्या तृष्णेविषयी आहे, अणूंच्या मोजमापाविषयी नाही. परंपरेने सांगितले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असे कालामांना सांगणाऱ्या शास्त्याला आईन्स्टाईनच्या प्रमाणपत्राची गरज नाही, आणि आईन्स्टाईनलाही आपल्या प्रमाणपत्राची नाही.

विद्यार्थ्यांसाठी शेवटी थोडी उपयोगाची माहिती. औंढ्यासारख्या प्रकल्पाला केवळ भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट झालेले लोक लागतात असे नाही. चार किलोमीटरच्या नळ्या निर्वात ठेवणारे वेल्डिंगचे कारागीर, इलेक्ट्रॉनिक्सचे पदविकाधारक, संगणकावर नोंदी चाळणारे, स्थापत्य अभियंते, या सर्वांचे तेथे काम आहे. बारावीला गणित सोडावे की ठेवावे या विचारात जे असतील, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. पुण्यात आयुकाच्या आवारात शाळकरी मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदच्या दुर्बिणीच्या परिसरात विज्ञान प्रदर्शन भरते, शाळकरी मुले आपले प्रयोग तेथे मांडतात आणि त्या महाकाय तबकड्या जवळून पाहता येतात. बीडहून अहिल्यानगरमार्गे नारायणगाव गाठता येते. पहाटे निघाल्यास रात्रीपर्यंत परत येणे शक्य आहे.